वंशाचे मूळ आणि वडाची पारंबी

१

मराठी समीक्षेत एक स्पष्टीकरण इतक्या सहजपणे दिले जाते, की ते स्पष्टीकरण आहे हेही आपल्या ध्यानात येत नाही. एखाद्याच्या लेखनात झाडे, नद्या, पाखरे, पाऊस यांचे उत्कट भान दिसले, की आपण त्या भानाचा उगम त्याच्या कुळात शोधू लागतो. लेखक शेतकऱ्याच्या घरातला असेल तर तो ‘मातीतला’ ठरतो; आदिवासी असेल तर रान त्याच्या ‘रक्तातच’ असते. आणि ज्याच्या घराण्याकडे ना जमीन होती ना जंगल, त्याच्या लेखनात निसर्ग आढळला नाही, तर त्याची ‘मुळे तुटलेली’ आहेत असा निर्वाळा देऊन आपण मोकळे होतो. माती, रक्त आणि मुळे ही तिन्ही रूपके वरवर वेगळी दिसली, तरी ती एकाच गृहीतकावर उभी आहेत. निसर्गावरील प्रेम हा वारसा आहे; ते शिकले जात नाही, वंशाबरोबर खाली उतरते, असे ते गृहीतक होय.

हा प्रश्न केवळ वाङ्मयीन अभिरुचीचा नाही. प्रेम वारशाने मिळत असेल, तर ज्याचा वारसा जुना त्याचे प्रेम अधिक खरे आणि ज्याचे प्रेम अधिक खरे त्याचा हक्कही अधिक, अशी साखळी आपोआप तयार होते. ती साखळी कोठे जाऊन पोचते हे विसाव्या शतकातील युरोपने पाहिले आहे. रक्त आणि भूमी यांची जोडी तेथे आधी गावाकडच्या जीवनाच्या गौरवातून, निसर्गाच्या स्तोत्रांतून आली आणि मग वंशशुद्धीच्या कायद्यांपर्यंत गेली. तेव्हा निसर्गप्रेमाचा वंशाशी आणि कुळाच्या मुळांशी नेमका संबंध काय, हा प्रश्न नीट विचारणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात तो नाशिक या एका स्थळाच्या आधारे विचारला आहे. स्थळ जुने आहे, आणि वंश, वंशावळ व अरण्य या तिन्ही गोष्टी त्याच्या नावापासूनच एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

२

नाशिक या नावाची सर्वपरिचित व्युत्पत्ती नाकाशी जोडलेली आहे. दंडकारण्यात लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापले ते येथे, असे परंपरा सांगते. व्युत्पत्ती म्हणून ती कितपत टिकते हा भाषाभ्यासकांचा विषय. पण लोकमानसाने गावाच्या नावाचा उलगडा कशातून केला, हे अर्थपूर्ण आहे. शूर्पणखा राक्षसकुळातील आहे, आणि ती याच अरण्यात वावरणारी आहे. म्हणजे या नगरीचे नाव, परंपरेच्या दृष्टीने, परवंशातील एका वनचर स्त्रीच्या विरूपीकरणाची स्मृती आहे. मोगल अमदानीत या गावाला गुलशनाबाद म्हणत. बागेवरून दिलेले ते नाव पुढे मागे पडले आणि नाकावरून आलेले जुने नाव राहिले.

वंश ठरवण्यासाठी नाकच हाती धरावे, हा योग पुढे वसाहतकाळातही आला. हर्बर्ट रिस्ली याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नाकाची रुंदी आणि उंची यांच्या गुणोत्तरावरून भारतीय जातींची वांशिक क्रमवारी लावली. नाक जितके रुंद तितका सामाजिक दर्जा खालचा, असे त्याच्या सिद्धान्ताचे सार होते. १९०१ च्या जनगणनेचा तो आयुक्त होता. त्यामुळे हा सिद्धान्त ग्रंथालयात न राहता राज्ययंत्रणेत शिरला. मालवणात जन्मलेल्या गो. स. घुर्ये यांनी १९३२ साली जात आणि वंश यांवरील आपल्या इंग्रजी ग्रंथात हीच मोजमापे पुन्हा तपासली आणि उत्तर भारताच्या एका पट्ट्याबाहेर हा क्रम टिकत नाही असे दाखवले. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४८ च्या अस्पृश्यतेवरील ग्रंथात घुर्ये यांनी दिलेल्या मापांचाच आधार घेऊन ब्राह्मण आणि अस्पृश्य हे भिन्न वंशांचे नाहीत, असा निष्कर्ष काढला. ज्या मापाने माणसाला खाली ढकलले त्याच मापाने ते ढकलणे निराधार ठरवले, हे या युक्तिवादाचे सामर्थ्य होय.

या संदर्भात इरावती कर्वे यांचेही स्मरण होते. ब्रह्मदेशात १९०५ साली जन्मलेल्या या मुलीला तेथील महानदीचे नाव मिळाले होते. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर या मानववंशशास्त्रज्ञाच्या हाताखाली कवट्यांच्या असममितीवर संशोधन करत होत्या. गोऱ्या वंशाच्या कवटीची ठेवण वेगळी, आणि म्हणून त्याची बुद्धी श्रेष्ठ, हे सिद्ध व्हावे अशी तेथील अपेक्षा होती. मोजमापांती त्यांना असममितीचा वंशाशी संबंध आढळला नाही, आणि त्यांनी तसे लिहिले. पुढे ‘युगान्त’मध्ये खांडववनाच्या दहनाकडे पाहताना जंगल आणि त्यातील जीव एकदमच नाहीसे केले जातात ही गोष्ट त्यांनी नजरेआड होऊ दिली नाही. वंशाच्या मापाविषयीचा संशय आणि अरण्याच्या विनाशाविषयीची अस्वस्थता एकाच लेखिकेच्या ठायी असावी, हा मला केवळ योगायोग वाटत नाही. दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : कोणाचे असणे मोजायचे आणि कोणाचे मोजायचे नाही?

३

नाशिकच्या दक्षिणेस त्रिरश्मी डोंगरावर लेणी आहेत; लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. त्यांतील दोन लेण्यांतले शिलालेख परस्परांसमोर ठेवून वाचावेत असे आहेत.

तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. नातू पुळुमावी याच्या राजवटीच्या एकोणिसाव्या वर्षी तिने आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याची प्रशस्ती येथे कोरवली. शक, यवन, पल्हव यांचा त्याने संहार केला, क्षहरात वंश निःशेष केला, चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला, असे ती अभिमानाने नोंदवते. त्याच लेखात सह्य, विंध्य, मलय, महेंद्र अशा पर्वतांची नावे येतात. पण ती त्याच्या स्वामित्वाची सीमा म्हणून. येथे निसर्ग हा राज्याचा नकाशा आहे आणि वंशशुद्धी हा राज्याचा पराक्रम. विशेष म्हणजे हा संकरनिवारक राजा आपली ओळख आईच्या नावाने सांगतो. पित्याची वंशावळ त्या नावात नाही.

दहाव्या लेण्यात उषवदाताचे लेख आहेत. तो ज्या क्षहरात नहपानाचा जावई, त्याचाच वंश निःशेष केल्याचे बलश्री सांगते. स्वतः तो शक, म्हणजे परका. त्याच्या लेखांत दानांची यादी आहे : गायी, नद्यांवरचे फुकट उतार, विश्रामगृहे, आणि नानंगोल गावी दिलेली बत्तीस हजार नारळाची झाडे. झाडांच्या मोजणीसाठी लेखात ‘मूल’ हा शब्द आला आहे. भिक्षूंच्या निर्वाहासाठी त्याने जे शेत दिले, ते चार हजार कार्षापणांना एका ब्राह्मणाकडून विकत घेतल्याचीही नोंद आहे. भूमीचा धनी असलेल्या वंशाने ‘मूळ’ म्हणून आपले कूळ सांगावे, आणि परक्याने ‘मूळ’ म्हणून नारळाची झाडे मोजावीत, असा हा विरोध आहे.

मात्र या विरोधावर भाळून जाणे बरोबर नाही. उषवदातही जेताच होता; युद्ध करून तो पुष्करतीर्थावर स्नानाला गेला हे त्याचाच लेख सांगतो. परका तेवढा वृक्षप्रेमी आणि देशी तेवढा वंशाभिमानी, असा उलटा सिद्धान्त मांडणे म्हणजे वंशाच्या मापाला केवळ उताणे करणे होय. लेण्यांतून हाती लागते ते इतकेच : भूमीशी नाते सांगण्याच्या दोन रीती त्या काळीही होत्या. एक रीत मी कोणाचा हे सांगते, दुसरी मी काय दिले हे सांगते. पहिल्या रीतीचा पाया किती कच्चा होता हे काही दशकांतच दिसले. कान्हेरीच्या एका लेखावरून वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक वंशातील महाक्षत्रपाची कन्या होती असे कळते. ज्या घराण्याच्या प्रशस्तीत संकर थांबवल्याचा गौरव कोरला गेला, त्याच घराण्यात शकांची मुलगी सून म्हणून आली.

४

त्रिरश्मीवरून उतरून गोदाकाठी रामकुंडावर आले, की वंशावळीचे दुसरे रूप भेटते. तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावळींच्या वह्या असतात. अस्थी घेऊन आलेल्या माणसाने गाव आणि आडनाव सांगितले, की वही उघडते आणि पणजोबा कोणत्या वर्षी, कोणाबरोबर येथे आले होते ते वाचून दाखवले जाते. या अनुभवाला हसण्याचे कारण नाही. नदीचे पाणी आणि पूर्वजाचे नाव एकाच क्षणी हाती येते. गोदावरी ही ‘आपली’ नदी होते ती येथे. नदीवरील प्रेमात कुळाची स्मृती मिसळते, आणि त्यात गैर काही नाही.

परंतु वही यजमानाची असते. ज्याला यजमान म्हणून स्वीकारलेच जात नाही, त्याचे नाव तीत येत नाही. आणि ज्याचे नाव नाही, त्याचे या काठाशी नातेच नव्हते असे मात्र सिद्ध होत नाही. त्याच काठावरील काळाराम मंदिराच्या दारात २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. दिंडोरी परिसरातील भाऊराव ऊर्फ दादासाहेब गायकवाड त्याचे प्रमुख संघटक होते. वनवासात निषादाला आलिंगन देणाऱ्या, शबरीची बोरे खाणाऱ्या रामाचे दार बंदच राहिले. मधल्या काळातील खंडांसह हा लढा पाच वर्षे चालला, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यात आंबेडकरांनी हिंदू म्हणून न मरण्याची घोषणा केली. त्याआधी, १९२७ साली महाडला जो सत्याग्रह झाला तो तर थेट तळ्याच्या पाण्यासाठी होता. ज्याला पाण्याला हात लावायचा अधिकार नाही, त्याच्याकडून पाण्याच्या सौंदर्याचे वर्णन मागणाऱ्या समीक्षेने आपण काय मागत आहोत याचा विचार करायला हवा.

सत्याग्रहाच्या त्याच वर्षी नाशिकजवळच्या विहितगावी बाबुराव बागूल यांचा जन्म झाला. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या त्यांच्या कथासंग्रहाच्या शीर्षककथेतील नायक परगावी नोकरीसाठी जातो आणि जात लपवून खोली मिळवतो. कथेत निसर्ग जवळजवळ नाही. ही संवेदनशीलतेची उणीव आहे काय? मला तसे वाटत नाही. निसर्गाकडे पाहण्यासाठी आधी उभे राहायला जागा लागते. आणि ती जागा अशी हवी, की जेथे ‘तू कोणाचा?’ असे कोणी विचारणार नाही. ज्याचे सारे लक्ष ओळख उघडी पडेल या भीतीने वेढलेले आहे, त्याला झाडाकडे निवांत पाहण्याची सवड नसते. आपण जिला सौंदर्यदृष्टी म्हणतो, तिच्यामागे एक न दिसणारी परवानगी असते. बागुलांच्या कथेतील निसर्गाचा अभाव त्या परवानगीचा अभाव दाखवतो. म्हणून तो कथेचा दोष न ठरता कथेचा आशय ठरतो.

५

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो. वंशावळीचा आणि मुळांचा युक्तिवाद असा निकालात काढला, तर ज्यांच्यापाशी त्याखेरीज दुसरा आधार नाही त्यांचे काय? नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेस सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांत कोकणा, महादेव कोळी, वारली हे समाज राहतात. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालत गेलेल्या हजारो शेतकऱ्यांत यांचीच संख्या मोठी होती आणि वनजमिनीवरील हक्क ही त्यांची प्रमुख मागणी होती. या समाजांनी ‘आम्ही येथले मूळचे’ असे म्हणणे आणि एखाद्या सत्ताधारी वंशाने तसे म्हणणे, या दोन गोष्टी एक आहेत काय?

त्या एक नाहीत. ज्याला हुसकावले जात आहे त्याने मुळांचा दाखला देणे हा अन्यायाचा प्रतिवाद आहे. वंशावळ ही ढाल म्हणून उचलता येते. मापपट्टी म्हणून वापरली, की ती तीच जुनी नाकाची पट्टी होते. २००६ च्या वनहक्क कायद्याकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. अनुसूचित जमातींखेरीज जे इतर पारंपरिक वननिवासी आहेत त्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, वास्तव्य सिद्ध करावे लागते. रामकुंडावरची वही ज्यांच्यासाठी कधी उघडली नाही, अशा माणसांकडेही राज्यसंस्था येथे पिढ्यांचा हिशेब मागते. परंतु त्या कायद्याखालील नियमांत पुराव्यांची जी यादी आहे, तीत जुन्या नोंदींपर्यंत पोचणाऱ्या वंशावळीबरोबर गावातील वृद्धांचे कथन, जमिनीचे केलेले सपाटीकरण आणि घातलेले बांध यांचाही समावेश आहे. म्हणजे कुळाच्या शेजारी कष्टाला जागा दिली आहे. तीन पिढ्यांनी घातलेला बांध हा तीन पिढ्यांच्या नावांइतकाच, किंबहुना अधिक बोलका पुरावा होय.

समीक्षेने हा विवेक अजून पुरता केलेला नाही. भालचंद्र नेमाडे यांनी देशीयतेची मांडणी केली आणि ‘टीकास्वयंवर’ (१९९०) नंतर तिच्यावर मोठी चर्चा झाली. मूळ मांडणीचा रोख स्थळाशी निगडित संस्कृतीवर आणि उसन्या मानदंडांच्या नकारावर होता. तो वंशावर नव्हता. परंतु अनुयायांच्या लेखणीत ‘स्थळ’ हळूहळू ‘कूळ’ होत गेले. लेखकाने त्या भूमीत काय पाहिले, याऐवजी तो त्या भूमीत कोणाच्या पोटी जन्मला, हा प्रश्न पुढे आला.

याचा परिणाम मूल्यमापनातील दुटप्पीपणात दिसतो. दुर्गा भागवत यांचे ‘ऋतुचक्र’ वाचताना आपण व्यासंग, निरीक्षण, भाषेची जाण यांविषयी बोलतो. आयुष्याचा मोठा काळ मुंबईत घालवलेल्या या लेखिकेचे निसर्गप्रेम कोणी तिच्या रक्तातून सिद्ध करत नाही. ते तिने मिळवलेले आहे असे आपण मानतो, आणि ते योग्यच आहे. वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ (१९८७) किंवा भुजंग मेश्राम यांचा ‘उलगुलान’ (१९९०) वाचताना मात्र ‘आदिम’, ‘अस्सल’, ‘उपजत’ ही विशेषणे हाताशी येतात. एकाची दृष्टी ही कमाई आणि दुसऱ्याची देणगी, असे म्हणणे ही स्तुती वाटली तरी तीत दुसऱ्याचे कर्तृत्व काढून घेतलेले असते. ज्याचे प्रेम उपजत, त्याला कवी म्हणून श्रेय द्यावे लागत नाही. ते त्याच्या वंशाला दिले की पुरते.

वास्तविक रानाचे ज्ञान उपजत नसते. पहिल्या पावसात सह्याद्रीच्या पट्ट्यात शेवळे उगवतात. त्यांची भाजी करताना काकडाची फळे घातली नाहीत तर घसा खाजतो. कोणते शेवळ घ्यावे, त्याचा कोणता भाग टाकावा, काकड किती घालावे, हे आजी नातीला दाखवते आणि नात पाहून शिकते. शिकली नाही तर तिचाही घसा खाजतो. वंश आड येत नाही. कुळातून येते ते हे शिकवणे. त्या अर्थाने कुळाचे मोल मोठे आहे. पण शिकवणे म्हणजे रक्त नव्हे. शिकवलेले विसरले जाऊ शकते, आणि बाहेरून आलेल्यालाही शिकवता येते.

६

‘मूळ’ हे रूपक आपण वनस्पतींकडून घेतले आहे. निसर्गातून नीती काढू नये हे खरे, वंशवाद्यांचीही तीच खोड होती. पण ज्या झाडावरून रूपक घेतले ते झाड तरी नीट पाहावे एवढी अपेक्षा रास्त आहे. पंचवटीत सीतागुंफेजवळ पाच वड दाखवले जातात. दुसऱ्या परंपरेनुसार पंचवटी म्हणजे वड, पिंपळ, बेल, आवळा आणि अशोक हे पाच निरनिराळे वृक्ष. म्हणजे एकाच नावाचा एक अर्थ एकाच जातीच्या पाच झाडांचा आहे आणि दुसरा पाच जातींच्या सहवासाचा. स्थळाने दोन्ही जपले आहेत.

वड हा आपल्याकडे वंशवृद्धीचा वृक्ष मानला जातो. पण त्याचे बी बहुधा पाखराच्या विष्ठेतून दुसऱ्याच झाडाच्या बेचक्यात पडते आणि तेथे परक्यासारखे रुजते. त्याच्या पारंब्या वरून खाली येतात. त्या फांदीला फुटतात, जमिनीपर्यंत पोचायला वर्षे घेतात, आणि पोचल्या की खोड होतात. कोलकात्याजवळ शिबपूरच्या वनस्पतिउद्यानातील प्रसिद्ध वडाचे मूळ खोड कुजल्यामुळे १९२५ साली काढून टाकावे लागले. ते झाड आजही उभे आहे, आणि ते उभे आहे केवळ पारंब्यांवर. मूळ हे नेहमी आधीच असते, ते खालून वर येते, हा आपल्या रूपकाचा समज वडाच्या बाबतीत तरी खरा नाही. काही मुळे नंतर येतात, आणि तीच झाडाला धरून ठेवतात.

निसर्गप्रेमाची मुळे मला अशी वाटतात. कुळाने दिलेले बी असू शकते. पण आयुष्यभर त्या प्रेमाला तोलून धरतात त्या पुढे सोडलेल्या पारंब्या : पाहणे, नावे शिकणे, लावणे, राखणे, आणि कोणी तोडायला आले तर आड उभे राहणे. २०२५ च्या अखेरीस, येत्या सिंहस्थातील साधुग्रामासाठी तपोवनातील झाडे तोडण्याच्या प्रस्तावाला नाशिककरांनी विरोध केला. शूर्पणखेच्या कथेचे स्थान परंपरेने तेथेच दाखवले जाते. झाडांपाशी जमलेल्यांत कोणाचे कूळ गोदाकाठचे किती पिढ्यांचे, कोण कामासाठी काल आलेला, हे विचारण्याचे प्रयोजन नव्हते. झाडाच्या दृष्टीने त्या चौकशीला अर्थही नव्हता.

समीक्षेलाही ती चौकशी थांबवता येईल. लेखक कोणाच्या पोटी जन्मला, हे त्याच्यावर झालेला अन्याय समजून घेण्यासाठी विचारावे. त्याच्या प्रेमाची सत्यता ठरवण्यासाठी विचारू नये. त्यासाठी त्याने काय पाहिले आणि कशाची निगा राखली, हे त्याच्या शब्दांतून वाचावे लागते. हे काम वंशावळ पाहण्यापेक्षा कष्टाचे आहे, आणि समीक्षेचे खरे काम तेच आहे.